माहेर कुठलं विचारतील

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

मुनिबाने जेवता जेवता विचारलं, "दादी, आपण आफ्रिकन आहोत का?"

माझ्या सुनेच्या, अंबरीनच्या हातातला डाव सालनात पडला. सकलैनने मोबाईलमधून मान वर काढली — माझा मुलगा जेवताना मान वर काढतो म्हणजे मोठीच गोष्ट. मी पाणी पीत होते, पीत राहिले.

झालं असं. नातीला कॉलेजात ह्या वर्षी समुद्राचा इतिहास आहे. कुठली माणसं कुठल्या गलबतातून कुठे गेली, कोणी कोणाला नेलं, ते सगळं. मॅडमने पडद्यावर जंजिऱ्याचा फोटो लावला. म्हणाली, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांनी हा किल्ला राखला. आमची पोरगी वर्गात ओरडली, "दॅट्स माय दादीज् व्हिलेज!" किल्ला काय माझा नाही. समोरच्या किनाऱ्यावरची राजपुरी माझी. असेल फोटोत कोपऱ्यात.

सकलैन म्हणाला, "आपण अरब. आपले बापदादे येमेनहून आले. खलास. जेव."

ही येमेनची गोष्ट त्याच्या बापाकडची. त्याच्या बापाला त्याच्या बापाने सांगितलेली. आमच्या कोकणात ज्याला त्याला येमेनचं गलबत! एवढी माणसं एका येमेनात मावत होती कशी, अल्ला जाणे.

मुनिबा माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "सुरमई थंड होतेय."

१६ सप्टेंबर

लिफ्ट पुन्हा बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर. म्हणजे मी पण बंद.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकलैन जुम्म्याला गेला. अंबरीन लवंडली. खिडकीतून मस्कतमधल्या ह्या हमरियाचा रस्ता — बंगाली न्हावी, मलबारी हॉटेल, मोबाईलवाला, परत न्हावी. पाठ झालाय.

हे गेले तेव्हा सकलैन गावी म्हसळ्याला आला होता. चाळिसावा दिवस झाला आणि म्हणाला, "अम्मा, तीन महिने चल. हवापालट." आले. दोन वर्षं होऊन गेली. हवा कसली पालटते, एसीची आहे! जायचं नाव काढलं की कधी रमजान आडवा येतो, कधी मुनिबाची परीक्षा, कधी तिकिटं महाग. आणि शेवटी ठरलेलं — "तिथे तुझं आहे कोण?"

कोण आहे! दिलशाद आहे.

माझी धाकटी बहीण. राजपुरीच्या जेट्टीवर, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या सुटतात तिथे कोकम सरबत विकते. रंग, केस, नाक — सगळं आमच्या आईचं उचललेलं. मी बापावर गेले. एवढाच फरक. पण त्या फरकाने माझं लग्न झालं आणि तिचं नाही झालं. आईच्या घरात एकटी राहते. दोन खोल्या, मागे विहीर. मला तिथे जाऊन राहायचंय. दोघी म्हाताऱ्या, दोन वेळचं शिजवू, भांडू, झोपू. यात अवघड काय आहे?

सकलैन तिचं नाव घेत नाही. "ती राजपुरीवाली" म्हणतो. कुठल्या लग्नाला तिला बोलावत नाहीत. ती मात्र कोण मस्कतला येणारा दिसला की त्याच्याकडे सोड्यांची पिशवी देते. ते सोडे हा ताट चाटून खातो.

२३ सप्टेंबर

सांगून टाकलं. पोरगी आठवडाभर मागे मागे होती — "दादी, सिरियसली सांग ना. अब्बा काहीतरी हाइड करतात."

मी भेंडी चिरत होते. म्हटलं, "माझी आई सिद्दी होती. झालं? आता तो चाकू दे, हा बोथट आहे."

ती खाली बसली आणि रडायलाच लागली! मी घाबरले. म्हटलं, कोण मेलं? म्हणे, "दादी, आय ॲम सो प्राउड." प्राउड आहेस तर रडतेस कशाला? मला ही भाषा कळत नाही.

मग प्रश्नांवर प्रश्न. आई कुठून आली? अगं, राजपुरीतून आली, अजून कुठून. तिची आई? ती पण राजपुरीची. त्याच्या आधी? त्याच्या आधी मी नव्हते.

बाप श्रीवर्धनचा. आमच्या लहानपणी बोटीवर गेला तो परत आला नाही. मला चुलत्याने श्रीवर्धनला नेलं, तिथून माझं लग्न लावून दिलं. ह्यांना सगळं माहीत होतं. बोलले कधी नाहीत. मी पण नाही बोलले. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मुनिबा म्हणाली, "दादी, ते लोक राजे होते! ॲडमिरल होते!"

असतील. माझी आई कोळंबी सोलायची. सोलून सोलून बोटं फाटायची, मग ती खोबरेल लावून बसायची. राजाची बोटं अशी नसणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दिलशादचा फोन. "आपा, तुझी नात माझे फोटो मागतेय. मी म्हटलं, आत्ता पाठवू की आंघोळ करून?"

मी म्हटलं, "तिला कॉलेजात दाखवायचेत. तू आफ्रिकेची राणी आहेस."

"अगो, मग पंचायतीला सांग ना. राणीच्या गाडीवरची ताडपत्री फाटलीय, सहा महिने झाले बोंबलतेय!"

दोघी हसलो. अंबरीन डोकावून गेली. ह्या घरात मी हसले की कोणी ना कोणी बघायला येतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मुनिबाला मागणी आलीय. इथेच मस्कतात घुब्र्याला राहतात, मूळ रत्नागिरीकडचे. मुलगा रेहान, इंजिनियर. आईचं नाव तस्नीम. घराणं बघून चालणारी बाई आहे म्हणे. पोरगी वीस वर्षांची. आत्ता बोलणी, दोन वर्षांनी निकाह. ठीक आहे. मुलगा चांगला असेल तर माझी हरकत कसली.

जेवण झाल्यावर सकलैन माझ्या खोलीत आला. बसला. म्हणजे काम आहे.

"अम्मा, सतरा तारखेला ते लोक येतील. घरातल्या मोठ्या बाईला विचारतात — तुमचं माहेर कुठलं."

"मग?"

"श्रीवर्धन सांग."

मी उशीचा अभ्रा नीट केला.

"खोटं थोडंच आहे? नानांचं गाव श्रीवर्धनच ना. राजपुरीचं नाव काढलंस तर ते तिथे विचारतील. मग ती राजपुरीवाली आलीच. अम्मा, मला काही वाटत नाही. पण लोकांना वाटतं. मुनिबाचं नुकसान होईल."

मी म्हटलं, "आणि मुनिबा कॉलेजात सांगत फिरतेय ते?"

"तिला मी बघतो." मग उठला, दारापर्यंत गेला, परत वळला. "हे एकदा नीट पार पडू दे. डिसेंबरचं तुझं तिकीट काढतो. राहा जाऊन, किती राहायचंय तेवढं."

दोन वर्षं जे मागत होते ते दारात उभं राहून देऊन टाकलं! एका गावाचं नाव घ्यायचं, दुसऱ्याचं नाही घ्यायचं. एवढंच.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज बाहेर! मुनिबाने घरी सांगितलं दादीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, आणि मला नेलं सीबच्या बाजूला, तिच्या मैत्रिणीच्या घरी. झुवैना. ओमानी पोरगी, काळीसावळी, गोड. तिची आजी झांझिबारची. तिकडे कापाकापी झाली आणि बायका-पोरं घेऊन ओमानी लोक इकडे पळून आले, तेव्हा आलेली. तिला सगळे बीबी म्हणतात. माझ्याहून म्हातारी, आणि माझ्याहून जास्त ओरडते.

भाषेची बोंब. बीबी आफ्रिकेचं बोलायची, झुवैना त्याचं इंग्लिश करायची, मुनिबा त्याचं मराठी करायची. मुनिबाचं मराठी म्हणजे — बीबी पाच मिनिटं बोलली की मला कळायचं "ती म्हणते, छान होतं." पाच मिनिटं काय छान होतं?

शेवटी मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांची मोलकरीण नारळ खवत होती. बसायचा पाट, पुढे लोखंडी दात — आपल्या खवणीसारखंच, जरा बुटकं. खवणं इतकं वाईट, निम्मं खोबरं करवंटीलाच. मी तिला हाताने उठवलं आणि बसले. बीबी मागून आली. बघत राहिली. मग तिने दुसरा नारळ फोडून माझ्यापुढे ठेवला. मग तिसरा. पाहुणी म्हणून गेले आणि पाच नारळ खवले! भात नारळाच्या रसातला. त्याला आमच्या आईच्या भाताची चव होती असं मुनिबाला ऐकायचं होतं. नव्हती. मीठ कमी होतं.

जेवल्यावर बीबी जे बोलली ते झुवैनाने लगेच सांगितलं नाही. "बीबी, नॉट दिस," म्हणाली. बीबीने तिच्या मांडीवर चापट मारली.

मग कळलं. बीबीच्या आईची आई विकत आणलेली होती. बाजारातून. त्या घरात ठेवली, तिला मुलं झाली, मुलांना बापाचं नाव मिळालं. बीबी म्हणाली, "आमच्याकडे बापाचं नाव सात पिढ्यांपर्यंत पाठ करून घेतात. तिचं नाव मला कोणी सांगितलंच नाही."

सांगताना रडली बिडली नाही. दातातलं खोबरं काढत होती.

झुवैना मुनिबाला हळू म्हणाली, "हे प्रोजेक्टमध्ये घालू नको हं. माझे काका चिडतील." मुनिबा म्हणाली, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स."

येताना टॅक्सीत मी विचारलं, मग तुझ्या प्रोजेक्टात राहिलं काय? किल्ला?

ती खिडकीबाहेर बघत बसली.

१२ ऑक्टोबर

रेहान मुनिबाला मेसेज करतो. करू दे, आजकाल करतात. हसते ती फोनमध्ये बघून. आवडलेला दिसतोय.

आज माझ्या पलंगावर येऊन बसली. कानातलं काढते, घालते, काढते. म्हटलं, बोल.

"दादी, प्रेझेंटेशनमध्ये मी तुझं नाव नाही घेतलं तर चालेल? म्हणजे, 'एक कोकणी फॅमिली' असं. रेहानची कझिन माझ्याच बॅचला आहे."

"आणि दिलशादचा फोटो?"

"तो... मी काढलाय. म्हणजे सध्यापुरता."

मी म्हटलं, बरं. तुझं प्रोजेक्ट, तू कर.

गेली नाही. कानातलं मुठीत धरून म्हणाली, "दादी, क्लासमध्ये ते खूप इझी होतं. घरात नाही होत."

पहिल्यांदा ही पोरगी काहीतरी शिकून आली. चांगलं वाटावं तर वाटलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं.

असरच्या नमाजानंतर आले. तस्नीम, तिचा नवरा, रेहान. मुलगा बरा आहे, पाणी दिलं तर ग्लास परत आत नेऊन ठेवला. तस्नीमच्या अंगावर कडक इस्त्रीचा दुपट्टा, बसली तरी चुरगळत नाही. अंबरीनने सकाळपासून सांदणं केली होती. मुनिबा आत, तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं.

तस्नीम इकडचं तिकडचं बोलली. घुब्र्यात भाडी किती वाढलीत. शाळेच्या बसचा त्रास. मग कप खाली ठेवला.

"चाची, तुमचं माहेर कुठलं?"

सकलैन सांदणाकडे बघत होता.

मी म्हटलं, "श्रीवर्धन."

"अरे वा! कुठल्या मोहल्ल्यात?"

चुलत्याचा मोहल्ला सांगितला. तो खरा आहे. तस्नीमने लगेच विचारलं, "आता कोण कोण असतं तिकडे?"

हे मला पढवलं नव्हतं. सकलैन मध्येच बोलला — "अम्माच्या बाजूचं आता कोणी नाही राहिलं."

मी इथेच बसले होते. माझ्या तोंडावर बोलला. आणि मी मान हलवली! हो म्हणून हलवली.

तस्नीम म्हणाली, "अल्ला सगळ्यांना जन्नत नसीब करो." आणि सगळ्यांनी आमीन म्हटलं. दिलशादसाठी. ती त्या वेळी सरबत विकत असेल.

पसंत आहे म्हणून गेले. अंबरीनने डब्यात सांदणं भरून दिली.

१८ ऑक्टोबर

दिलशादचा फोन आला. उचलला नाही.

२५ ऑक्टोबर

सकलैनने तिकीट दाखवलं. सहा डिसेंबर. मस्कत ते मुंबई. जानेवारीवर ढकललं नाही, सहा डिसेंबर! म्हणाला, "खूष?" मी म्हटलं, हो. जागा खिडकीची घेतलीय. मी आयुष्यात खिडकी मागितली नव्हती, ह्याला कुठून सुचलं? चांगला मुलगा आहे. वाईट नाही. वाईट असता तर बरं होतं, दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

अंबरीन बॅग काढायला लागली. इतक्या लवकर कशाला, म्हटलं. म्हणाली, "अम्मा, तुम्हीच तर दोन वर्षं बॅगेपाशी बसलाय."

खरं आहे.

३ नोव्हेंबर

दिलशादशी बोलले. फोन तिने केला, रोजच्यासारखा, जेट्टीवरून. मागे होडीवाले ओरडत होते.

"आपा, तुझ्या नातीची मागणी आलीय आणि मला सांगत नाहीस?"

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं?

ऐक तर, म्हणाली. रविवारी एक पोरगा मोटरसायकलवरून आला. तस्नीमचा भाचा. आपल्या लोकांची चौकशीची पद्धत — मस्कतला बोलणं झालं की गावातल्या कोणाला तरी पाठवायचं, शेजारीपाजारी विचारायचं. तो आधी माझं नाव विचारत श्रीवर्धनला गेला. तिथे कोणीतरी म्हातारं म्हणालं, खुदेजा? ती तर लहानपणी राजपुरीला होती, तिथे विचार. आला राजपुरीला. ऊन लागलं, जेट्टीवर सरबत प्यायला थांबला. आणि विचारलं कोणाला? दिलशादला!

सकलैनला हे कळायला नको होतं का? त्याच मुलखातला पैदा. इथे चौथ्या मजल्यावर खोटं बोलायचं आणि तिथे जेट्टीवर सगळ्यांना तोंड आहे हे विसरायचं!

मी विचारलं, "मग? तू काय सांगितलंस?"

"तो म्हणाला, श्रीवर्धनच्या खुदेजाबाई इथे राहायच्या का. ते श्रीवर्धन ऐकलं आणि मला कळलं तिथे काय शिजलंय ते. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"दिलशाद, तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, ओळखते की. चांगली माणसं. पोर असताना सुट्टीत यायची इकडे, आमच्या शेजारी. खानदानी आहेत, डोळे मिटून करा."

मागे कोणीतरी दोन सरबत मागितली. तिने बर्फ फोडला. मला इथे ऐकू आला.

"त्याने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? म्हटलं, कोण नाही रे बाबा. सरबतवाली."

आणि हसली. मला म्हणाली, "पैसे पण नाही घेतले त्याच्याकडून. सोयरा होणार ना!"

मी हसले नाही. 

४ नोव्हेंबर

आज काही नाही. जेवले नाही. अंबरीनला सांगितलं पोट बिघडलंय.

५ नोव्हेंबर

मी म्हटलं ते मी म्हटलं. माझं तोंड, माझी आई. तिने का म्हणावं? तिला कोणी तिकीट दिलं नव्हतं.

सहा डिसेंबरला मी तिच्या दारात जाऊन उभी राहणार. ती चहा टाकणार. आम्ही दोघी त्याबद्दल बोलणार नाही. मग तिथे राहणार, मरेपर्यंत, एका खोलीत ती आणि दुसऱ्या खोलीत मी, आणि मध्ये ती सरबतवाली.

नाही जमायचं. इथे कोंडलेली आहे ते परवडलं. तिथे पण कोंडूनच जायचं तर विमानात कशाला बसायचं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

अंबरीन खाली भाजीला गेली. तिचा फोन चार्जिंगला होता. तस्नीमचा नंबर कुठे असतो मला माहीत आहे, मी काय अगदीच अडाणी नाही.

"तस्नीम, मी खुदेजा. मुनिबाची दादी."

"बोला ना चाची! तब्येत कशी आहे?"

"तब्येत राहू दे. तुझ्या भाच्याने राजपुरीला जिला विचारलं ती सरबतवाली माझी बहीण आहे. सख्खी. एका आईची, एका बापाची. आमची आई सिद्दी होती. माझं माहेर राजपुरी. श्रीवर्धन बापाचं गाव, तिथून फक्त लग्न झालं. मी त्या दिवशी अर्धं बोलले. आता पुरं बोलले."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. 

मग हळू म्हणाली, "चाची, हे मला सांगायची काही गरज नव्हती."

"मला होती," म्हटलं.

अजून एक म्हणाली. "आता मला ऐकल्यासारखं झालं ना." म्हणजे काय, तिला माहीत नसतं तर तिने करून घेतलं असतं! नाव घेतलं नाही तोपर्यंत सगळं चालतं. ठेवला मी फोन. चार्जिंगला लावला परत.

मग तांदूळ निवडायला बसले.  

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्री उशिरापर्यंत वाद नको म्हणून सकाळीच सांगितलं, सगळ्यांसमोर. नाश्त्याला.

अंबरीन रडली. सकलैन ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल. म्हणाला, "एक शब्द मागितला होता अम्मा. एक. आयुष्यात दुसरं काय मागितलं तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "तुझी मावशी जिवंत आहे आणि तू तिच्यासाठी आमीन म्हणून घेतलंस."

"मी मुलीचं बघत होतो!"

"आणि मी बहिणीचं."

मुनिबा एवढा वेळ गप्प. मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, ही तरी. राजे, ॲडमिरल, प्राउड — ही तरी काही बोलेल.

बोलली. "आत्ताच का, दादी? नंतर कधी पण सांगू शकली असतीस. मी सांगणार होते त्याला. माझ्या पद्धतीने. तू मला विचारलं पण नाहीस."

 खरंच विचारलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

कोणी बोलत नाही. ताट खोलीत येतं.

दिलशादला सांगितलं. आधी चिडली — "आपा, मी एवढं सांभाळलं आणि तू सांडलंस!" शिव्या दिल्या, आईच्या वेळच्या, ज्या मी विसरले होते. मग म्हणाली, गिऱ्हाईक आलंय. गिऱ्हाईक नव्हतं. मागे काही आवाज नव्हता. आज होड्या बंद होत्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घुब्र्याहून डबा परत आला. सांदणांचा. ड्रायव्हर खाली देऊन गेला, अंबरीन घेऊन आली.

रिकामा. घासलेला, पुसलेला, झाकण लावलेलं.

आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चमचाभर साखर घालतात. अंबरीनने झाकण काढून आत बघितलं, मला दाखवलं, आणि डबा फडताळात ठेवून दिला. त्यानंतर तस्नीमचा फोन आला — मुलीला शिकू दे, घाई नको, नशिबात असेल तर. कशाला करायचा? डब्याने सांगितलं होतं.

रेहानचे मेसेज येतात की नाही कळत नाही. मुनिबा फोन पालथा ठेवते.

१८ नोव्हेंबर

आज तिचं ते प्रेझेंटेशन होतं. घरी आली, बॅग टाकली, न्हाणीत गेली. बराच वेळ नळ चालू. काय सांगितलं, कोणाचं नाव घेतलं, नाही घेतलं — मी विचारलं नाही. आता विचारायचं तोंड नाही मला.

झुवैनाने तिच्याकडे माझ्यासाठी डबा पाठवला होता. बीबीकडून. नारळाच्या वड्या. मुनिबाने माझ्या दाराशी ठेवला, दार वाजवलं आणि गेली.

गोड जास्त झालंय. खाल्ल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकलैनने माझा व्हिसा रद्द करायला दिला. सहा तारखेचं तिकीट तसंच आहे. फक्त जाण्याचं. "तुला तिच्याकडेच जायचं होतं ना, अम्मा? जा. आता तिथेच राहा."

जे मागितलं ते मिळालं. मी म्हटलं, बरं.

मुनिबा दारात उभी होती. दोन आठवड्यांनी तोंड उघडलं, ते पण माझ्याशी नाही, बापाशी.

"अब्बा, दादीचं रिटर्न कधीचं आहे?"

सकलैन चपला शोधत राहिला. त्या त्याच्या पायातच होत्या.